तीन नंबरचा आवाज आणि व्यवस्थापनाची पदवी

माणूस वीस वर्षं एकच काम करत राहिला की त्याला ते काम येतं, आणि काम यायला लागलं की लोक त्याचं ऐकायचं बंद करतात, ही गोष्ट आता जगभर मान्य झालेली आहे. यात लोकांचा दोष नाही. काम येणाऱ्या माणसाची बोलायची पद्धतच वाईट. तो म्हणतो, "हे तुटणार." आता एवढ्यावर कुणी काय करायचं? किती टक्के तुटणार, कुणाच्या कारकिर्दीत तुटणार, तुटण्यामागची दृष्टी काय, काही पत्ता नाही. अशा माणसांची सोय व्हावी म्हणून दयाळू लोकांनी व्यवस्थापनाच्या शाळा काढल्या. तिथं काम येणाऱ्याला बोलायला शिकवतात. एकदा बोलायला आलं की काम करावं लागत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचा त्रास वाचतो.

कानसाहेब अशाच एका शाळेत गेले, त्याची ही हकिकत.

कानसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कारखान्यात देखभाल खात्यात एकोणीस वर्षांचे इंजिनियर. हातात कायम एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा. त्यानं एक स्क्रू कधी फिरवला असेल तर शपथ. चालत्या मशीनच्या बेअरिंगवर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग डोळे उघडून सांगायचं, "वंगण कमी पडलंय," नाहीतर, "चालेल अजून वर्षभर, हात लावू नका." एकोणीस वर्षांत त्यांचं सांगणं चुकलं दोनदा, आणि त्यातल्या एकदा त्यांना सर्दी होती. (याच कामासाठी कंपनीनं पुढं परदेशी यंत्र आणलं. ते काचेच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली सापडत नाही.)

तीन नंबरचा कॉम्प्रेसर चालवायचे मामा. कुणाचेच मामा नव्हते म्हणून सगळ्यांचे होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. स्टूल मशीनला अगदी खेटून, कारण भिंतीवरच्या पंख्याचा वारा तेवढ्याच जागी यायचा.

एके सकाळी कानसाहेबांनी तीन नंबरला स्क्रूड्रायव्हर टेकवला तो उचलायलाच तयार नाहीत.

"काय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"वाळू चावतंय."

"वाटलंच मला. परवापासून स्टुलावर बसलं की पायाला गुदगुल्या होतायत."

"स्टूल जरा लांब घ्या मामा."

"लांब वारा नाही साहेब. तुम्ही मशीन बंद करवा, मी स्टूल घरीच नेतो."

कानसाहेबांनी तिथंच उभ्या उभ्या वहीचं पान फाडून दोन ओळी लिहिल्या. 'तीन नंबरचं मोटरकडचं बेअरिंग जाणार. चार महिन्यांच्या आत मशीन बंद करून बदला.' बदलायला लागतात सहा तास, आणि बेअरिंग स्टोअरमध्ये पडलेलं होतं, कागदात गुंडाळून. चिठ्ठी वर गेली. चिठ्ठीची सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे: पोहोचली, होय. शिक्का बसला, होय. वाचली, याबाबत माहिती उपलब्ध नाही.

तुम्ही म्हणाल, मामांच्या हाताशी बंद करायचं लाल बटण नव्हतं का? होतं की. हात लांब केला की लागेल इतकं जवळ. दोन वर्षांपूर्वी जळका वास आला म्हणून मामांनी ते एकदा दाबलंही होतं. वास खरा निघाला, पण उत्पादन चाळीस मिनिटं थांबलं आणि मामांना पत्र आलं की आपण कोणाच्या परवानगीनं घाबरलात, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. तेव्हापासून नियम झाला. ऐन धोक्यातही खात्याच्या इंजिनियरानं 'हो' म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवायला वरची सही. नियम चांगला होता. बटण नव्यासारखं राहिलं.

चिठ्ठी गेल्यावर पंधरा दिवसांनी कारखान्याच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. तिथं स्लाइडवाल्यांनी भाषण केलं. स्लाइडवाले म्हणजे सात वर्षांपूर्वी कानसाहेबांच्या हाताखाली शिकायला आलेला इंजिनियर. मोटर कुठल्या बाजूनं फिरते हे त्याला कानसाहेबांनी दोनदा सांगितलं होतं. मग तो व्यवस्थापन शिकायला गेला आणि परत आला तो वरच्या मजल्यावरच. विषय होता 'ऐकणारा कारखाना'. सेहेचाळीस स्लाइडी. नवव्या स्लाइडवर एका कानाचा फोटो, पडदाभर. टाळ्या थांबेनात. त्याच आठवड्यात स्लाइडवाले कारखान्याचे उपप्रमुख झाले आणि जाहीर झालं की येत्या वर्षी देखभाल खात्यालाही प्रमुख नेमायचा आहे. अट एकच, व्यवस्थापनाची पदवी हवी, किंवा निदान ती चालू हवी.

कानसाहेब मोठ्या साहेबांकडे गेले.

"तुमचं तांत्रिक उत्तमच आहे हो," मोठे साहेब म्हणाले, "पण तुम्ही पोहोचत नाही."

"मी पावणेआठला पोहोचतो रोज."

"हेच. हेच म्हणतोय मी." साहेबांनी मायेनं मान हलवली. "शिकून घ्या काहीतरी."

"आणि तीन नंबर?"

"तेही मांडा ना एकदा. नीट."

तर हिशोब सरळ होता. बेअरिंग बदलायला सहा तास. 'बेअरिंग बदला' असं म्हणायची लायकी यायला दीड वर्ष. पण प्रवेश मिळाला तरी माणूस 'चालू' धरला जातो, खुर्ची मिळते, खुर्चीतून सही करता येते आणि सहीनं मशीन बंद होतं. म्हणजे मामांचे पाय वाचवायचे तर आधी शाळा शोधायची. चार महिन्यांतला एक सरत आला होता.

आता इंजिनियर शाळा कशी शोधतो? पंप विकत घेतो तशी. कानसाहेबांनी तक्ता मांडला. उभे तेहेतीस रकाने, प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला गुण, शेवटी बेरीज. बायको एका दाताच्या डॉक्टरांकडे पुढं बसून नंबर लावायचं काम करायची. तिनं मागून वाकून बघितलं.

"अहो, माझ्या वेळी एवढं बघितलं नव्हतं तुम्ही."

"तेव्हा तक्ता नव्हता."

"बरं झालं. नापास झाले असते मी." मग म्हणाली, "आमच्याकडे दाढ दुखली की लोक येतात. रंगीत पुस्तक बघून कुणी येत नाही. तुमचं नक्की काय दुखतंय?"

"माझं कुणी ऐकत नाही."

"काय म्हणालात?" ती आत जाता जाता म्हणाली.

तक्त्यात चार शाळा टिकल्या. पहिली दोन वर्षांची, पूर्ण वेळ. ही सगळ्यांत मानाची, कारण हिच्यात काम न केलेली मुलं येतात आणि काम करणाऱ्यांनी कसं काम करावं ते एकमेकांना समजावून देतात. तिथल्या बाई फोनवर फार हळुवार बोलल्या. "सर, तुमचा अनुभव जरा जास्त येतोय." रक्तातली साखर जास्त आल्यावर बोलतात ना, तसं. "कमी करता येईल का?" कानसाहेबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, वरती विचारून सांगते.

दुसरी एक वर्षाची, खास अनुभवी लोकांसाठी. नोकरी सोडावी लागते. म्हणजे अनुभव पाहिजे, पण तो चालू नको. (नोकरी गेली तर खुर्ची कसली, हा रकाना तक्त्यात नव्हता.) फी मी सांगत नाही, वाचणाऱ्याला जेवण जायचं नाही. तिसरी शनिवार-रविवारची, दीड वर्ष. हिची ख्याती अशी की बायकामुलं माणसाला सोडून जात नाहीत, फक्त विसरतात. चौथी घरबसल्या. जेवताना, झोपताना, लिफ्टमध्ये, कुठंही पूर्ण होते, आणि तिचं प्रमाणपत्र बाकीच्यांपेक्षा दोन बोटं मोठं असतं.

चारही शाळांच्या रंगीत पुस्तकांत पहिल्या पानावर एकच बाई हसत होती. कानसाहेबांनी त्यासाठीही रकाना काढला. चौघींनाही सारखे गुण पडले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शाळेत शेवटी बेरजेत फरक राहिला एका दशांशाचा. एवढा फरक कुठलाही शहाणा इंजिनियर फरक धरत नाही. मग कानसाहेबांनी इंजिनियरानंच करावी अशी गोष्ट केली. मशीन चालू बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि दोन्ही शाळा बघून आले.

दुसरीत दारावरच्या माणसानं पिशवी उघडली आणि हत्यार घेऊन व्यवस्थापन शिकता येत नाही म्हणून बाहेरच काढलं. तिसरीत आत सोडलं. वर्ग सुंदर. गालिचा असा की पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. पण छतातून कुणकुण येत होती. कानसाहेब खुर्चीवर चढले, एसीच्या पेटीला स्क्रूड्रायव्हर लावला, कान दिला, उतरले आणि तिथल्या प्रवेशवाल्या बाईंना म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. बघून घ्या."

बाईंनी चटकन ते लिहून घेतलं.

झालं. एकोणीस वर्षांत कानसाहेबांच्या तोंडचं वाक्य कुणी असं त्यांच्या समोर, लगेच, पेनानं लिहून घेतलं नव्हतं. ही शाळा ऐकते, असं म्हणून त्यांनी घरी येऊन तक्ता बंद केला. (बाईंच्या फॉर्मवर 'इतर शेरा' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं, 'निरीक्षणशक्ती बरी. खुर्चीवर चढतो.' लिहिलेलं पुढं कुठंतरी जातं, असं फक्त इंजिनियरलाच वाटतं.)

दुसरा महिना निबंधात गेला. प्रवेशाला निबंध लागतो, 'माझ्या नेतृत्वाचा प्रवास', आठशे शब्द. कानसाहेबांना चिठ्ठी दोन ओळींच्या वर कधी गेलेली माहीत नाही. मग निबंधताई गाठल्या. या बाई लोकांचं आयुष्य दुरुस्त करून द्यायच्या.

"काय करता तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"आवाज ऐकतो. मशीनचा."

ताईंनी लिहिलं, 'मी ध्वनीवर आधारलेली पूर्वसूचनेची संस्कृती उभारली.'

"मी उभारली?"

"नाहीतर कुणी उभारली?"

"नाही, म्हणजे... मी एकटाच ऐकतो तिथं."

"मग एकहाती उभारली." ताईंनी 'एकहाती' घातलं. "आता अपयश सांगा एक. पण असं सांगा की शेवटी तुमचंच बरोबर निघेल."

"तीन नंबरचं बेअरिंग जाणारे. सांगितलं, कुणी ऐकलं नाही."

"गेलं?"

"नाही अजून. दोन महिने आहेत."

"अरेरे," ताईंना मनापासून वाईट वाटलं. "गेलं असतं तर फार छान निबंध झाला असता. बरं, आणि आता त्या चिठ्ठ्याबिठ्ठ्या पाठवू नका हं. तक्रारखोर दिसता. सगळं नीट जुळवून एकदाच मांडा."

शिफारसपत्र मोठ्या साहेबांचं हवं होतं. साहेब म्हणाले, तुम्हीच लिहा, मी सही करतो. कानसाहेबांनी लिहिलं, 'माणूस बरा आहे. कान चांगला आहे.' निबंधताईंनी त्याची दोन पानं केली. साहेबांनी न वाचता सही केली. कानसाहेबांची कारखान्यातली ही पहिली गोष्ट, जिच्यावर त्याच दिवशी सही झाली.

तिसऱ्या महिन्यात प्रवेश मिळाला. कानसाहेब पेढे घेऊन घरी आले. पोरगी म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला गृहपाठ? मी सही करू का वहीवर?" तिकडं तीन नंबर आता वाळू सोडून खडे चावत होतं. मामांनी स्टुलाखाली जाड पुठ्ठा घातला.

"साहेब, किती राहिलं?"

"खुर्ची पुढच्या महिन्यात पक्की. सोमवारी, तेवीस तारखेला मी मांडणार आहे सगळं. स्लाइडी झाल्यात."

"किती?"

"अडतीस."

"अबब!" मामांना खरंच कौतुक वाटलं. "मग तर थांबवतीलच. आपला माणूस वर गेला की बरं असतं."

अडतीस स्लाइडींमध्ये बेअरिंग एकतिसाव्या स्लाइडवर होतं. शाळेनं पहिल्याच शनिवारी शिकवलं होतं की अडचण घेऊन वर जायचं नाही, आधी वातावरण तयार करायचं. कानसाहेब हुशार विद्यार्थी निघाले. पहिल्या तीस स्लाइडी वातावरणाच्या होत्या.

एकवीस तारखेला शनिवार होता. शाळेत विषय होता 'सक्रिय श्रवण', म्हणजे मन लावून ऐकणे. शिकवणारे सर नावाजलेले. त्यांची पद्धत अशी की वर्गात येताना सगळ्यांनी आपापला फोन दाराशी वेताच्या टोपलीत टाकायचा. जो तास संपेपर्यंत टोपलीकडे जाणार नाही, त्याला श्रवणाचे पंचवीसपैकी पंचवीस गुण. जो उठला, त्याला शून्य.

अकराला दहा कमी असताना टोपली थरथरली. बेचाळीस माणसांच्या वर्गात ते फक्त कानसाहेबांना कळलं, कारण त्यांच्या फोनचं मागचं झाकण सैल होतं आणि ते वेतावर कसं वाजतं हे त्यांना पाठ होतं. थांबली. परत थरथरली. शनिवारी त्यांना फोन करणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते तीन नंबरजवळ बसलेलं होतं. त्याला बाकी काही नको होतं. एक 'हो' हवा होता. एका अक्षराचा.

कानसाहेब अर्धे उठले.

"सगळ्यांत अवघड असतं ते काय?" सर त्यांच्याकडे बघत म्हणाले. "स्वतःच्या आतली घाई गप्प करणं." आणि हसले. वर्गही हसला. कानसाहेब खाली बसले. छतात एसी कुणकुणत होता. (हो, तोच.) टोपली तिसऱ्यांदा थरथरली, जरा जास्त वेळ. मग नाही.

कानसाहेबांना पंचवीसपैकी पंचवीस पडले.

अकरा वाजून चार मिनिटांनी तीन नंबरचं बेअरिंग गेलं. मोटर आणि मशीन जोडतात त्या जागेवरचं लोखंडी झाकण उडालं आणि मामांच्या डाव्या पायावर आलं. उजवा वाचला. अहवालात त्याची 'पन्नास टक्के सुरक्षितता' अशी नोंद आहे. अहवाल चौसष्ट पानांचा झाला. निष्कर्ष निघाला, 'संवादाचा अभाव'. उपाय म्हणून जिन्यात कानाचा फोटो लावला.

कानसाहेब दवाखान्यात गेले. मामांचा पाय वर टांगलेला, आत सळई.

"फोन केला होता साहेब."

"मामा, त्या वेळी मी..." कानसाहेब थांबले. मग त्यांच्या तोंडून निघालं, "त्या वेळी संवादाची साखळी पूर्ण झाली नाही."

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. अनोळखी भाषेतला बोर्ड वाचावा तसं.

"आवाज मलाही येत होता हो," मामा म्हणाले. "चार महिने येत होता. पण मी म्हटलं, साहेब ऐकतायत ना. मी कशाला घाबरू?"

शाळेला हे कळलं तेव्हा तिला फार आनंद झाला. असा ताजा दाखला मिळत नाही. पुढच्या सहामाहीत 'तीन नंबर' नावाचा धडा झाला आणि तो मांडायचा मान कानसाहेबांना मिळाला. चूक कुणाची, यावर वर्गाचं मतदान झालं. बटणाचा नियम करणाऱ्याला शून्य मतं. चिठ्ठीवर शिक्का मारून ठेवून देणाऱ्याला शून्य. टोपलीला शून्य. बेचाळीसच्या बेचाळीस मतं पडली चिठ्ठी लिहिणाऱ्या इंजिनियरला. चिठ्ठी फार छोटी होती, परिणामकारक नव्हती, तिच्यात वातावरण नव्हतं. बेचाळिसावं मत कानसाहेबांचं स्वतःचं. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आता ते देखभाल प्रमुख आहेत. केबिन वरच्या मजल्यावर, काच जाड, बाहेरचा काही आवाज येत नाही. स्क्रूड्रायव्हर भिंतीवर आहे, चौकटीत, पदवीच्या शेजारी. परवा खालून एक जण चिठ्ठी घेऊन आला. 'पाच नंबरचा आवाज बदललाय.' कानसाहेबांनी मायेनं मान हलवली आणि म्हणाले, जरा नीट मांडून आणा. घरी बायको म्हणते, न्हाणीतला नळ तीन दिवस टपटपतोय, ऐकू येत नाही का तुम्हाला? ते म्हणतात, त्यावर एकदा बसून बोलू.

तुम्ही आता हळहळताय, हे मला दिसतंय. वरच्या लोकांनी ती दोन ओळींची चिठ्ठी वेळेवर वाचली असती तर, असं म्हणताय. चूक. चिठ्ठी तुम्हालाही दिली होती. पहिल्याच पानावर, जशीच्या तशी. बेअरिंग जाणार, चार महिन्यांत बंद करा. तिथंच तुम्हाला सगळं कळलं होतं. तरी तुम्ही शाळा बघितल्यात, निबंध वाचलात, स्लाइडी मोजल्यात, आणि मामांच्या पायावर झाकण पडेपर्यंत आरामात बसून राहिलात. मधेमधे हसलातसुद्धा.